चाकांवरचे घर, हेदवीचा दर्या आणि आपला हुन्नर

गेल्या जानेवारीत आम्ही चार जण एका चाकांवरच्या घरातून रत्नागिरी जिल्ह्यातील हेदवीपर्यंत जाऊन आलो. ज्या गाडीत झोपायची, स्वयंपाकाची व सामान ठेवायची सोय असते तिला हल्ली कॅम्परव्हॅन किंवा कॅरॅव्हॅन म्हणतात. सहलीची मजा झाली ती झालीच. पण या पानाचे वाचक व्यापारी आणि कारागीर आहेत, म्हणून त्यांच्या उपयोगाचे जे दिसले तेवढेच येथे सांगणार आहोत.

दोन-तीन वर्षांत अनेक बांधव आम्हाला विचारतात की, जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिची कॅरॅव्हॅन करावी काय? किनाऱ्याकडचे विचारतात की, मासेमारीच्या होडीतून पाहुण्यांना डॉल्फिन दाखवायला न्यावे काय? दोन्ही प्रश्नांत घरची पुंजी पणाला लागते आणि दुसऱ्यात माणसांचे जीवही. त्यामुळे उत्तर विचार करूनच द्यावे लागते.

वाट आणि तिच्यावरच्या खाड्या

हेदवी हे गुहागर तालुक्यातील गाव. टेकडीवर दशभुजा गणेशाचे प्रसिद्ध मंदिर, खाली छोटी पुळण, आणि पुळणीच्या टोकाला काळ्या खडकात बामणघळ. बामणघळ म्हणजे खडकाला पडलेली एक अरुंद, लांब चीर. भरतीच्या वेळी लाट त्या चिरीत घुसते, पुढे जायला जागा नसल्याने कोंडते आणि मोठा आवाज करीत उंच उसळते. ते पाहायला लोक लांबून येतात.

मुंबईहून मुंबई–गोवा महामार्गाने चिपळूण, तेथून गुहागर आणि मग हेदवी, ही सरळ वाट. पण कॅरॅव्हॅनवाले गिऱ्हाईक बहुधा ती धरीत नाही. त्याला समुद्राकाठची वाट हवी असते. अलिबाग, मुरूड, आगरदांड्याला फेरीबोटीत गाडी चढवून दिघी, पुढे श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याहून फेरीने वेश्वी, मग केळशी, आंजर्ले, हर्णै, दाभोळ. दाभोळला पुन्हा फेरी, पलीकडे धोपावे, आणि तेथून गुहागरमार्गे हेदवी. पुढे तवसाळहून जयगडला जायलाही फेरी आहेच. दाभोळ–धोपावे फेरी २००३ सालापासून चालू आहे. या खाड्यांवर रेवस–रेडी सागरी महामार्गाचे पूल बांधण्याची योजना आहे, पण आज तरी मोठी गाडी बोटीवर चढवावी आणि उतरवावी लागते.

या चढ-उताराचा गाडी बांधणाऱ्या कारागिराशी फार जवळचा संबंध आहे, हे आम्हाला एका जेट्टीवर कळले. ओहोटी होती. पाणी खाली गेले की बोटही खाली जाते आणि जेट्टीचा उतार व बोटीची फळी यांच्यामध्ये कोन पडतो. आमच्या गाडीच्या कारागिराने पाण्याची टाकी मागच्या चाकांच्याही मागे, तळाखाली टांगली होती. पुढची चाके बोटीवर चढली, मागचा भाग खाली झुकला आणि टाकीचा कॉक दगडाला घासून तुटला. शंभर लिटर गोडे पाणी पाहता पाहता खाडीला मिळाले. कारागीर वाईट नव्हता, त्याचे लाकूडकाम आजही उत्तम आहे. पण ही गाडी कोठे कोठे जाणार, हे त्याने विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही.

गाडी बांधणाऱ्यांसाठी

वाचक बंधूंनो, कॅरॅव्हॅनचे काम ज्यांच्या हातून होते त्यांची यादी करा: वेल्डर, पत्रेकाम करणारा, सुतार, सीट-कुशनवाला, वायरमन, नळकाम करणारा, डेंटर, पेंटर. कुर्ल्यापासून मालेगावपर्यंत आणि भिवंडीपासून चिपळूणपर्यंत या हुन्नरांत आपली माणसे भरपूर आहेत. म्हणून हे काम आपल्याला परके नाही. मात्र घराचे काम आणि गाडीचे काम यांत तीन मोठे फरक आहेत.

पहिला फरक वजनाचा. प्रत्येक चासीला भरून किती किलो चालेल हे ठरलेले असते. समजा, भरून ४,००० किलोची परवानगी आहे आणि रिकामी गाडी २,७०० किलो भरते. हाती उरले १,३०० किलो. चार माणसे २८० किलो, पाणी १२० किलो, सामान ८० किलो, बॅटरी, गॅस, फ्रीज व टपावरचे पॅनेल मिळून आणखी १५० किलो धरा. हे झाले ६३०. आता लाकूड. १८ मिलिमीटर जाडीचा आठ बाय चारचा प्लायवूड साधारण ३५ किलो भरतो आणि १२ मिलिमीटरचा २३ किलो. बारा पत्रे लागले तर जाड प्लायचे ४२० किलो आणि पातळचे सुमारे २८० किलो. म्हणजे केवळ जाडीत १४० किलोचा, दोन माणसांचा फरक. घरातल्या कपाटाला जाड प्लाय लावणारा सुतार चांगला म्हणवला जातो. गाडीत तोच जाड प्लाय कमानपाटे बसवतो, ब्रेक थकवतो आणि घाटात डिझेल खातो. गाडीत पातळ प्लाय आणि आतून जागोजाग आधार, ही रीत योग्य.

वजन कोठे आहे हेही पाहावे. पाणी व बॅटरी या जड वस्तू दोन्ही चाकांच्या मध्ये आणि शक्य तितक्या खाली हव्यात. मागे टांगल्या तर जेट्टीवर आमचे झाले ते होते. टपावर चढवल्या तर वळणावर गाडी झोके खाते.

दुसरा फरक खाऱ्या हवेचा. किनाऱ्यावर लोखंड किती लवकर गंजते हे कोकणातल्या बांधवांना सांगायला नको. प्लाय घेताना आयएस ७१० शिक्क्याचा, म्हणजे मरीन जातीचा घ्यावा. साधा आयएस ३०३ जातीचा ओलाव्यात लवकर फुगतो. बाहेरच्या बाजूचे स्टील ३१६ जातीचे असेल तर ते समुद्रकाठी ३०४ पेक्षा जास्त टिकते. ॲल्युमिनियमच्या पत्र्यात साधा लोखंडी स्क्रू मारू नये; दोन निराळ्या धातूंत खारट ओल शिरली की सांधा पोखरतो. तेथे मध्ये रबराची किंवा नायलॉनची चकती घालावी. आणि गिऱ्हाइकाला बजावून सांगावे की, समुद्राकाठून आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवायची. हे सांगायला पैसे लागत नाहीत, पण गाडी दोन वर्षांनी गंजलेली दिसली की नाव कारागिराचेच खराब होते.

तिसरा फरक विजेचा. १२ व्होल्टची २०० अँपिअर-अवर बॅटरी म्हणजे २,४०० वॉट-तास वीज. शिसे-तेजाबाची बॅटरी निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते, म्हणून हाती धरायचे १,२०० वॉट-तास. आता खर्च: छोटा फ्रीज ४५ वॉटचा, दिवसातले बारा तास चालला तर ५४०. दोन पंखे २५ वॉटचे, आठ तास, ४००. चार दिवे पाच वॉटचे, पाच तास, १००. फोनसाठी ६०. एकूण १,१००. म्हणजे एक दिवस-रात्र जेमतेम निघते. गिऱ्हाईक म्हणते, एसीही लावा. हजार वॉटचा एसी ही सारी वीज तासाभरात पिऊन टाकेल. हे आधी तोंडावर सांगणारा कारागीर एखादे काम गमावील. पण न सांगता लावून देणाऱ्याच्या दारात तेच गिऱ्हाईक पंधरा दिवसांनी भांडायला उभे राहील.

गॅसबाबत दोनच गोष्टी. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो. म्हणून हवा जायची जाळी वर नव्हे, खाली, जमिनीलगत हवी. दुसरे, भाड्याच्या गाडीत घरगुती सिलिंडर वापरणे कायद्याला धरून नाही. धंद्याचा छोटा सिलिंडर घ्यावा.

कागद आधी, करवत नंतर

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाने दिलेल्या रचनेच्या विरुद्ध बदल चालणार नाही असे स्पष्ट केले. कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचे वेगळे मानक आहे. तेव्हा एकही पत्रा कापण्याआधी आरटीओत जाऊन त्या गाडीवर कोणते काम पास होईल, हे लेखी विचारून घ्यावे. विमा कंपनीलाही बदल कळवावा. न कळवलेल्या बदलाची गाडी अपघातात सापडली तर भरपाईचा दावा अडकू शकतो.

पांढऱ्या नंबरपाटीची खासगी गाडी भाड्याने देणे बेकायदा आहे. भाड्याचा धंदा करायचा तर नोंदणी व परमिट व्यवसायाचेच हवे. परवान्याबाबत एक दिलासा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, हलक्या वाहनाचा परवाना असलेला चालक ७,५०० किलोपर्यंतचे वाहतुकीचे वाहनही चालवू शकतो. बहुतेक कॅरॅव्हॅन या मर्यादेत बसतात.

महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्यात गाडी आणि गाडी लावायचा तळ, म्हणजे कॅरॅव्हॅन पार्क, या दोन्हींचा विचार आहे व काही करसवलतींची तरतूद आहे. त्याच वर्षी केरळनेही आपले कॅरॅव्हॅन धोरण आणले. ज्यांना यात उतरायचे आहे त्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची चौकशी करावी. सवलत हातात येण्याआधी ती हिशेबात धरू नये.

हेदवीची पहाट आणि चाचांचा नकार

आता दर्याकडे येऊ. हेदवीला आम्ही एका बांधवाच्या नारळी-पोफळीच्या वाडीत गाडी लावली. तळ चांगला, पाणी गोडे, रात्री हवेत सुखद गारवा. खाडीच्या तोंडाशी डॉल्फिन दिसतात असे कळले म्हणून जवळच्या खाडीतल्या एका होडीवाल्या चाचांशी बोलणे झाले. त्यांनी सकाळी साडेसहाला यायला सांगितले. आम्ही चहा-नाश्ता करून साडेआठला पोहोचलो.

चाचांनी आम्हाला होडीत घेतले, प्रत्येकाला जॅकेट घालायला लावले आणि खाडीच्या तोंडापर्यंत नेले. तेथे इंजिन मंद करून समोर बोट दाखवले. पाण्यावर आडवी पांढरी रेघ दिसत होती, लाटा उभ्या राहून फुटत होत्या. वारा म्हणावा तर अंगाला जाणवतही नव्हता.

आमच्यातला एक जण म्हणाला, “चाचा, एवढ्या लांबून आलोय. जाऊन तर बघू.”

चाचा म्हणाले, “लांबून आलाव म्हणूनच नेत नाय. परत घरी पण लांबच जायचं हाय ना?”

होडी फिरली. चाचांनी केवळ डिझेलचे पैसे घेतले, बाकीचे हातात परत ठेवले.

त्या नकारामागचे शास्त्र आम्ही नंतर समजून घेतले. ते होडीच्या प्रत्येक धंदेवाल्याने आणि प्रत्येक पाहुण्याने समजून घ्यावे असे आहे.

हिवाळ्यात वारा नसतानाही दर्या का उठतो

हिवाळ्यातला समुद्र शांत, ही समजूत अर्धीच खरी आहे. पावसाळ्यासारखा तो रोज खवळत नाही, पण लाट नेहमी इथल्याच वाऱ्याने उठत नाही. इराणच्या आखाताकडे हिवाळ्यात उत्तरेचे जोरदार वारे सुटतात. त्यांना शमाल म्हणतात. उर्दूत उत्तर दिशेला आपण शुमाल म्हणतो तोच हा शब्द. या वाऱ्यांनी उठवलेल्या लाटा अरबी समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्याला येतात. वारा शेकडो मैल दूर, आपल्याकडे आभाळ स्वच्छ, आणि पाण्यात मात्र लांबलचक लाट.

ही लाट भर समुद्रात होडीला नुसती वर-खाली करते. पण खाडीच्या तोंडाशी पाणी उथळ होते आणि ओहोटीचा लोंढा आतून बाहेर येत असतो. बाहेरून येणारी लाट त्या लोंढ्यावर आदळते, आखूड होते, उभी राहते आणि फुटते. छोट्या होडीला खरा धोका असतो तो येथे. जाताना नाळ लाटेला तोंड देते म्हणून माणसाला भय वाटत नाही. परत येताना लाट मागून येते, होडी आडवी फिरवते आणि पाणी आत घेते.

भरतीची वेळ काढायचा कोकणातला जुना हिशेब सोपा आहे. तिथीला पाऊणने गुणायचे की भरतीचा तास निघतो. आपल्या बांधवांना चाँदची तारीख जास्त तोंडपाठ असते. चाँद दिसतो ती साधारण द्वितीया, म्हणून चाँदच्या तारखेत एक मिळवला की तिथी होते. पंधरानंतर पुन्हा एकपासून मोजायचे. त्या दिवशी चाँदची दहा तारीख होती. म्हणजे तिथी अकरा, गुणिले पाऊण, सव्वाआठ. सव्वाआठला भरती पूर्ण झाली, आम्ही साडेआठला पोहोचलो. आम्ही बाहेर गेलो असतो तर परत येताना अकराच्या सुमाराची भर ओहोटी समोरून मिळाली असती. चाचांनी साडेसहाला का बोलावले होते हे आता लक्षात येईल. हा हिशेब अंदाजाचा आहे, प्रवासी नेणाऱ्याने छापील भरती-ओहोटीचे कोष्टकच पाहावे. पण अंदाज असला की कोष्टकातली चूक किंवा आपली चूक लगेच ध्यानात येते.

वाऱ्याचेही वेळापत्रक असते. रात्री व पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो, तो किनाऱ्याजवळचे पाणी सपाट ठेवतो. दुपारपासून समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि पाण्यावर चटचट लाटा उठवतो. म्हणून पाहुण्यांना न्यायची वेळ पहाटेची आणि परतायची वेळ फार तर दहाची.

हिवाळा वादळमुक्त असतो असेही धरू नये. फयान वादळ ११ नोव्हेंबर २००९ रोजी कोकणावर आले आणि रत्नागिरीकडच्या मच्छीमारांचे मोठे नुकसान करून गेले. ओखी डिसेंबर २०१७ मध्ये या किनाऱ्याजवळून गेले. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था उंच लाटांचे इशारे देते, हवामान खाते वादळाचे देते. दोन्ही रोज फोनवर पाहता येतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही वेळेवर गेलो. भरती नऊची होती. पावणेसातला निघालो, भरती चढत असतानाच बाहेर पडलो. लांब लाट होतीच, आमच्यातल्या एकाचा नाश्ता समुद्राला गेला. पण तोंडाशी पांढरी रेघ नव्हती. खाडीबाहेर थोड्या अंतरावर पाच-सहा करड्या पाठी वर आल्या, श्वासाचा फुस्स आवाज झाला आणि पुन्हा पाण्यात गेल्या. पावणेनऊला आम्ही जेट्टीवर होतो.

डॉल्फिन हे भांडवल आहे

किनाऱ्याजवळ दिसणारा हा कुबडाचा डॉल्फिन उथळ पाण्यात, खाड्यांच्या तोंडाशी राहतो, कारण तेथे मासळी असते. म्हणजे जेथे आपली जाळी, तेथेच तो. जगात त्याची जात धोक्यात असल्याची नोंद आहे, आणि आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत बसवले आहे. त्या कायद्यात प्राण्याला पिटाळणेही शिकारीतच धरले आहे. तेव्हा होडी डॉल्फिनच्या कळपात घुसवणे, चार होड्यांनी घेरणे, हे गुन्ह्याच्या दारात जाणे आहे.

धंद्याच्या दृष्टीनेही ते नुकसानीचे आहे. घेरलेला कळप ती जागा सोडतो आणि पुढच्या हंगामात दाखवायला काही उरत नाही. चाचांची रीत आम्हाला आवडली. कळप दिसला की त्यांनी इंजिन मंद केले, समोरून न जाता बाजूने समांतर होडी ठेवली, पन्नासएक मीटर अंतर राखले, पिल्लू दिसताच आणखी मागे घेतली आणि दहा-पंधरा मिनिटांनी परत फिरले. खायला काही टाकू दिले नाही. डॉल्फिन दिसतीलच असे वचनही त्यांनी दिले नव्हते. “दिसले तर नशीब, नाय दिसले तर फेरी,” एवढेच.

कासवांचेही तसेच. ऑलिव्ह रिडले कासवे नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री कोकणच्या पुळणीवर अंडी घालतात. जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या पुळणीवर एक मादी आली, तिच्यावर २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेला बिल्ला होता. पूर्व किनाऱ्यावरून सुमारे ३,५०० किलोमीटरचा वळसा घालून ती गुहागरला आली होती. मंडणगड तालुक्यातील वेळास गावाने २००६ पासून कासव महोत्सव भरवला. पाहुणे गावातल्याच घरांत उतरतात आणि कासव राखल्याने गावाला चार पैसे मिळतात. म्हणून कॅरॅव्हॅन पुळणीवर उतरवू नये. वाळूखाली अंडी असतात, ती चाकाखाली जातात. शिवाय गाडी रुतते ती वेगळीच.

होडीवाल्या बांधवांना

गेटवेहून एलिफंटाला निघालेली ‘नीलकमल’ १८ डिसेंबर २०२४ रोजी नौदलाच्या वेगवान बोटीच्या धडकेने बुडाली आणि १५ जणांचा मृत्यू झाला. धडक दुसऱ्याची होती. पण त्या दिवशी सर्वांच्या तोंडी जो प्रश्न होता तो जॅकेटचा आणि माणसांच्या संख्येचा. म्हणून काही गोष्टी सांगतो.

मासेमारीची नोंद असलेल्या होडीतून पैसे घेऊन प्रवासी नेता येत नाहीत. त्यासाठी महाराष्ट्र सागरी मंडळाकडून वेगळी परवानगी व तपासणी लागते, विमाही प्रवाशांचा असावा लागतो. जॅकेट होडीत ठेवायची वस्तू नाही, अंगावर घालायची आहे, आणि मुलांच्या मापाची वेगळी ठेवावी लागतात. ठरलेल्या संख्येहून एकही माणूस जास्त घेऊ नये, मग तो पाहुण्यांचा मेहुणा का असेना. निघताना कोठे चाललो आणि केव्हा येणार हे किनाऱ्यावर कोणाला तरी सांगून जावे. पावसाळ्यात, १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. त्या दिवसांत पाहुण्यांना नेण्याचा विचारही करू नये.

हिशेब आणि आमचे मत

आता पैशाचे. खालचे आकडे समजण्यापुरते आहेत, प्रत्येकाने आपले घालून पाहावेत. समजा, गाडी विकत घेऊन व बांधून १५ लाख लागले. कोकणचा हंगाम ऑक्टोबर ते मे. त्यात ९० दिवस गाडी भाड्याने गेली, दिवसाचे भाडे ७,००० रुपये, डिझेल गिऱ्हाइकाचे. जमा ६,३०,०००. चालकाचे आठ महिने, महिना १५,००० प्रमाणे, १,२०,०००. विमा, कर, देखभाल, धुलाई मिळून १,७०,०००. उरले ३,४०,०००. पण गाडी आठ वर्षांत झिजणार हे धरा, म्हणजे वर्षाला १,८७,५०० बाजूला काढावे लागतात. खरी कमाई १,५२,५००. वादळामुळे दहा दिवस बुडाले तर त्यातून आणखी ७०,००० वजा. उत्पन्न आहे, पण जाहिरातीत दिसते तेवढे नाही. कर्जावर गाडी घेणाऱ्याने तर दहा वेळा विचार करावा.

म्हणून आमचे मत असे की, आपल्या बांधवांनी गाडी विकत घेण्यापासून सुरुवात करू नये. कारागिराने आधी दुसऱ्यांच्या गाड्या बांधाव्यात, दुरुस्त कराव्यात. चार कारागिरांनी भागीदारीत एक शेड घेतली तर एकाच ठिकाणी लाकूड, वीज, नळ आणि कुशन होईल. काम व नफा-तोटा कसा वाटायचा हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहावे. किनाऱ्याकडच्या बांधवाला सर्वात कमी भांडवलात करता येण्याजोगा धंदा म्हणजे गाडी लावायचा तळ. वाडीत सपाट जागा, गोडे पाणी, सोळा अँपिअरचा नीट अर्थिंग केलेला प्लग, स्वच्छ संडास, आणि गाडीच्या संडासाची टाकी रिकामी करायला सेप्टिक टाकीची सोय. ही घाण खाडीत सोडू देऊ नये, तेथेच आपली मासळी आणि आपले डॉल्फिन आहेत. भरतीरेषेजवळ पक्के बांधकाम करू नये, ते सीआरझेडच्या नियमांत अडकते. आणि घरचे जेवण ठेवावे. आम्ही ज्या वाडीत उतरलो तेथल्या भाभींनी दिलेल्या सांदणांची आणि माशांच्या सालनाची आठवण आम्हाला डॉल्फिनइतकीच आहे.

आणखी एक. बामणघळीकडे पाहुणे गेले की कोणी तरी सोबत जावे. भरतीला कडेचे खडक ओले व शेवाळलेले असतात, आणि चिरीतून पाणी किती उंच उडेल याचा नेम नसतो. दहा पावले मागे उभे राहूनही ते छान दिसते.

हेदवीहून निघताना आम्ही चाचांना विचारले, पहिल्या दिवशी पैसे परत का दिले? पाहुणे तर पुन्हा येणारही नव्हते. ते म्हणाले, “दर्या दाखवला नाय, तर दर्याचे पैसे कशाला?” त्यानंतर आम्ही आमच्या ओळखीची तीन कुटुंबे त्यांच्याकडे पाठवली. एका सकाळचे भाडे त्यांनी सोडले, त्याचे हे व्याज नव्हे, बरकत म्हणावी.

कॅरॅव्हॅन असो की होडी, गिऱ्हाईक आपल्या बायका-मुलांना घेऊन त्यात बसते. सुताराने पातळ प्लाय का लावला, वायरमनने एसी लावायला नकार का दिला, चाचांनी होडी का वळवली, हे त्याला त्या क्षणी कळत नाही, कधी कधी रागही येतो. जो कारागीर हा राग सोसू शकेल त्याने या धंद्यात खुशाल उतरावे. ज्याला तो सोसवत नाही त्याने आपली पुंजी दुसरीकडे लावलेली बरी.